पुणे सिटी, एफ. सी.
महाराष्ट्रातील एक माजी व्यावसायिक फुटबॉल संघ. इंडियन सुपर लीग स्पर्धेसाठी २०१४ मध्ये स्थापना. बालेवाडी (पुणे) येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात त्याचे सामने होत. २०१७–१८ च्या हंगामात त्याने प्रथमच उपांत्य फेरी गाठली. तथापि आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये तो विसर्जित झाला व त्याची जागा हैदराबादच्या संघास मिळाली. अशा स्पर्धांत खेळण्याचा हक्क शहराचा नसून मालकाचा असतो. त्यामुळे संघ जातो, प्रेक्षक मागे राहतात. कॅनडातील क्वेबेकचा आइस हॉकी संघ १९९५ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्टॅन्ली चषक जिंकला. हैदराबादनेही २०२२ मध्ये फातोर्डा (गोवा) येथे विजेतेपद मिळविले. मात्र २०२५ मध्ये तो संघही दिल्लीस हलविण्यात आला.