सोलापूरच्या माजी खासदाराला मिळालेली ८३१ मते

आमच्या सोलापुरात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती निवडणुकीचा विषय निघाला की लोकांना एकच नाव आठवतं, सुशीलकुमार शिंदे. २००२ साली ते उपराष्ट्रपतिपदासाठी उभे होते. भैरोसिंह शेखावतांना ४५४ मते मिळाली, शिंदेसाहेबांना ३०५. हरणार हे ठाऊक असूनही गावाला त्याचं अप्रूप होतं. कोर्टात पट्टेवाला असलेला आपल्या गावचा पोरगा कुठवर पोहोचला, असं म्हातारी माणसं बोलायची.

पण त्याच्या तेहेतीस वर्षं आधी सोलापूरचा एक माजी खासदार थेट राष्ट्रपतिपदासाठी उभा होता. हे मी गावात जितक्या जणांना विचारलं, त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. १९६९ च्या निवडणुकीच्या निकालाचा तक्ता पाहत होतो. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी, सी. डी. देशमुख ही तीन मोठी नावं झाली, आणि खाली बोट सरकवत गेलो तर सहाव्या ओळीत ‘राजभोज पांडुरंग नाथूजी’. मते ८३१.

मी तो तक्ता उघडला होता डॉ. झाकीर हुसेन यांच्यासाठी. आमच्या घरात झाकीरसाहेबांची तसबीर होती. अब्बा गिरणीतून आले की तिच्याखाली बसून चहा प्यायचे. झाकीरसाहेब गेले त्या दिवशी मोहल्ल्यात चूल पेटली नव्हती, असं ते सांगायचे. त्यापुढची गोष्ट मात्र त्यांनी कधी सांगितली नाही. झाकीरसाहेब गेले, तिथेच आमच्या घरचा इतिहास थांबायचा. खरं तर या देशातली सर्वांत अटीतटीची राष्ट्रपती निवडणूक त्यांच्या मयतीनंतर सुरू झाली.

थोडं मागे जायला हवं. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला चांगलाच मार बसला होता. लोकसभेत ५२० पैकी २८३ जागा आणि अनेक राज्यांतली सत्ता हातची गेलेली. अशा वेळी राष्ट्रपतिपदासाठी मुसलमान उमेदवार द्यावा का, अशी कुजबुज पक्षातच होती. समोर होते के. सुब्बा राव. सरन्यायाधीशपद सोडून ते विरोधकांतर्फे उभे राहिले होते. काँग्रेसची मते फुटणार अशी चर्चा होती. निकाल लागला तेव्हा झाकीरसाहेबांना ४,७१,२४४ आणि सुब्बा रावांना ३,६३,९७१ मते पडली. फरक एक लाखाच्या वर. जे फुटणार होते ते फुटले नाहीत.

आता १९६९. ३ मे रोजी झाकीरसाहेब पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पुढे काँग्रेसच्या संसदीय मंडळाची जुलैत बंगळूरला बैठक झाली. इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचं नाव पुढे केलं, बहुमताने ते पडलं आणि संजीव रेड्डी उमेदवार ठरले. त्या बहुमतात महाराष्ट्राचे दोघे होते. मुंबईचे स. का. पाटील असणारच, पण यशवंतराव चव्हाणांनीही रेड्डींच्या बाजूने कौल दिला, आणि तोच इंदिराबाईंना लागला. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत होते फक्रुद्दीन अली अहमद, जे पुढे १९७४ मध्ये स्वतः राष्ट्रपती झाले.

पुढचे दिवस धावपळीचे. गिरींनी १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ते अपक्ष म्हणून उतरले. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही! मग खुर्चीवर कोण? त्यासाठी संसदेने मे महिन्यात घाईघाईने कायदा करून ठेवला होता, की अशा वेळी सरन्यायाधीशांनी काम पाहावं. तेव्हा सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, तिथेच वकिली केलेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. २० जुलै ते २४ ऑगस्ट ते हंगामी राष्ट्रपती होते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, तेव्हा त्यांचं स्वागत यांनीच केलं. बँकांचा वटहुकूम कायदा झाला त्यावरची सहीही यांचीच. आमच्याकडे मुसलमान राष्ट्रपती मोजताना झाकीर हुसेन, फक्रुद्दीन अली अहमद, अब्दुल कलाम अशी तीन बोटं दुमडतात. हिदायतुल्लांचे ते पस्तीस दिवस मोजले जात नाहीत. हंगामी म्हणून असेल.

निवडणूक १६ ऑगस्टला झाली. रेड्डींच्या अर्जावर इंदिरा गांधींची स्वतःची सही होती. पण मतदान जवळ आलं तसं त्यांनी पक्षादेश काढायला नकार दिला आणि ज्याने त्याने आपल्या सद्‌सद्‌विवेकाला स्मरून मत द्यावं असं सांगितलं. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्द तेव्हापासून आपल्या राजकारणात आला आणि पुढे पार झिजून गेला. त्याला निमित्त झालं ते पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांचं. त्यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेतली. या दोन पक्षांचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. तुमचं पहिलं मत देशमुखांना द्या, दुसरं आमच्या रेड्डींना द्या, एवढं मागणं. जगजीवन राम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. जनसंघाशी गुप्त बोलणी करणाऱ्यांच्या उमेदवाराला आम्ही का मत द्यावं, असा त्याचा सूर होता.

दुसरं मत म्हणजे काय, ते सांगायला हवं. राष्ट्रपती आपण निवडत नाही, आपले खासदार आणि आमदार निवडतात. मतपत्रिकेवर त्यांनी पसंतीक्रम लिहायचा. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. शिवाय प्रत्येकाच्या मताचं वजन वेगळं. १९६१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येला २७० आमदारांनी भागून, मग हजाराने भागलं की येतात १४६. म्हणजे आपल्या एका आमदाराचं मत १४६ मतांचं. उत्तर प्रदेशात तेच १७४. खासदार कुठलाही असो, त्याचं ५७६. महाराष्ट्र विधानसभेची मिळून ३९,४२० मते होत होती. उत्तर प्रदेश आणि बिहारखालोखाल आपलाच नंबर होता. १९६७ मध्ये काँग्रेसचे २०३ आमदार निवडून आले होते, तेव्हा महाराष्ट्राचं पारडं कुठे झुकतं याला किंमत होती. यशवंतराव शेवटपर्यंत रेड्डींबरोबर राहिले.

चिंतामणरावांबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. महाडजवळच्या नाते गावचा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्रापासून तोडू नये म्हणून ज्याने १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद फेकून दिलं, तो राष्ट्रपतिपदाला उभा राहिला तेव्हा त्याच्या मागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होते, आणि या दोघांचं महाराष्ट्र विधानसभेत बळ नावापुरतंच होतं. संयुक्त महाराष्ट्राचा हिरो महाराष्ट्राचा उमेदवार होऊ शकला नाही.

२० ऑगस्टला मोजणी झाली. वैध मते ८,३६,३३७, जिंकायला हवी होती ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. गिरी पुढे, पण काठावर पोहोचलेले नाहीत. मग दुसरी पसंती मोजली गेली. आपल्या राष्ट्रपती निवडणुकांच्या इतिहासात असं त्या एकदाच घडलं आहे. बाद उमेदवारांच्या मतांतून रेड्डींना ९१,८७९ मिळाली आणि गिरींना फक्त १८,५६२. निजलिंगप्पांचा हिशेब अगदीच चुकला नव्हता तर. अखेर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

फरक १४,६५० चा. ऐकायला मोठा वाटतो, म्हणून आमदारांच्या भाषेत मांडून पाहिला. महाराष्ट्राचे ५१ आमदार गिरींकडून रेड्डींकडे वळले असते, तर निकाल फिरला असता. किंवा अवघे १३ खासदार. एवढ्यावर काँग्रेस फुटली, नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानालाच पक्षातून काढलं गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं देशाचं राजकारण त्याच भेगेतून वाहत राहिलं.

मला इथे थांबून एक विचारायचं आहे, विशेषतः आपल्या लोकांना. १९६७ मध्ये भीती काय होती? मुसलमान उमेदवार म्हणून काँग्रेसवाले पक्ष सोडून मत देतील. ते झालं नाही. आणि दोनच वर्षांनी त्याच पक्षाने अधिकृत ठरवलेल्या, लोकसभेचा अध्यक्ष राहिलेल्या रेड्डींच्या वेळी मात्र शेकड्यांनी मते फुटली. फूट धर्मावरून पडेल असं सगळे धरून चालले होते, ती पडली सत्तेवरून. आपण प्रत्येक निवडणुकीत आपल्याविरुद्धचा हात शोधतो, तो असतोही पुष्कळदा, पण दरवेळी तोच असतो असं नाही. आता यावर कुणी म्हणेल, मग फार छान चाललं होतं का? नाही. गिरींचा शपथविधी २४ ऑगस्टला झाला आणि १८ सप्टेंबरला अहमदाबाद पेटलं. पुढच्या मे महिन्यात भिवंडी आणि जळगाव. झाकीरसाहेब राष्ट्रपती होते म्हणून काही टळत नव्हतं आणि ते गेले म्हणून काही सुरू झालं नव्हतं. अब्बांना हे मी कधी बोलून दाखवलं नाही. तसबीर त्यांची होती.

निकालावर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या. रेड्डींच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारं एक निनावी पत्रक खासदारांत वाटलं गेलं होतं, तो मुख्य मुद्दा. गिरी राष्ट्रपती असताना स्वतः साक्ष द्यायला गेले. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले, हिदायतुल्ला १९७९ मध्ये बिनविरोध उपराष्ट्रपती. सगळ्यांना काही ना काही मिळालं.

राहिले राजभोज. पां. ना. राजभोज हे बाबासाहेबांच्या चळवळीतले. १९२९ च्या पुण्याच्या पर्वती सत्याग्रहात पुढे असलेले, १९४२ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन निघाली तेव्हा तिचे सरचिटणीस. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत सोलापूर हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एका जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले आणि राखीव जागेवर राजभोज. त्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. साऱ्या देशात फेडरेशनचे दोनच खासदार निवडून आले, एक करीमनगरचा आणि एक आमच्या सोलापूरचा. नेत्याला मुंबईने पाडलं तेव्हा त्याच्या सरचिटणीसाला सोलापूरने दिल्लीला पाठवलं. गिरणी कामगारांच्या, विणकरांच्या, शेतमजुरांच्या या गावाने काँग्रेसला त्या साली दोन्ही जागा दिल्या नाहीत, हे आज कुणाच्या बोलण्यात येत नाही.

त्या माणसाने सतरा वर्षांनी राष्ट्रपतिपदाचा अर्ज का भरला असेल? पंधरा जणांत बरेच हौशी होते. कित्येकांना भोपळाही फोडता आला नाही. राजभोज त्यांतले नव्हेत. त्यांना ८३१ मते पडली. सर्वांत वजनदार मत खासदाराचं ५७६ चं, तेव्हा ही एकट्या कुणाची नव्हेत. मी कागद घेऊन बसलो. एक खासदार ५७६. महाराष्ट्राचा एक आमदार १४६, म्हणजे ७२२. उरले १०९. आणि म्हैसूर राज्याच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, आमदाराचं मत होतं बरोबर १०९ चं. हिशेब चपखल बसतो. पुरावा मुळीच नाही. १४६ बिहारच्या आमदाराचेही होते, आणखी दहा प्रकारे हीच बेरीज जुळवता येईल, शिवाय मतदान गुप्त. तरीही एक खासदार, एक इकडचा आमदार, एक सीमेपलीकडचा, अशी तीन माणसं त्या दिवशी खरोखरच कुणाचा आदेश न मानता मत देऊन आली असतील, असं मला वाटत राहतं.

पुढे १९७४ मध्ये नियम बदलला. तोवर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत, मग दहा-दहा लागू लागले. आता पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार अनामत. दोन-तीन मतांचा उमेदवार आता मतपत्रिकेवर येऊच शकत नाही. मतमोजणीला वेळ कमी लागतो, हे खरं.

परवा सात रस्त्यावर एका ज्येष्ठ आंबेडकरी कार्यकर्त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “राजभोज खासदार होते ते माहिती होतं. राष्ट्रपतीला उभे होते? कुठं लिहिलंय?” मी फोनवर तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर करून सहावी ओळ वाचली आणि म्हणाले, “याची एक झेरॉक्स द्या मला.”