सतरा जण, तरी पाच कमी

कसोटीत एखाद्याला लागलं की बदली मिळतो, पण मुख्यतः फिल्डिंगपुरता. बॅट त्याच्या हाती द्यायची नाही. पळसदरीच्या मैदानावरची पोरं याहून उदार असतात! या नियमाची जबर किंमत आपण मोजली ती एप्रिल १९७६ मध्ये, जमैकात.

आधीच्या कसोटीत आपण ४०३ चं टार्गेट गाठलं होतं. मग लॉइडने चार फास्ट बोलर सोडले. अंशुमन गायकवाड ८१ वर कानाला लागून हॉस्पिटलात, ब्रिजेश पटेल तोंडाला लागून बाहेर, विश्वनाथचं बोट मोडलं. बेदीने ३०६ वर डाव सोडला. पुढे बेदी-चंद्रशेखर दोघांचे हात फिल्डिंगमध्ये जायबंदी झाले. दुसरा डाव ५ बाद ९७ वर संपला, कारण उरलेले पाचही बॅटिंगला येऊच शकले नाहीत. विंडीजला हव्या होत्या १३ रन्स! आपले सतराच्या सतरा जण त्या मॅचमध्ये फिल्डिंगला उतरले. पण बदल्यांना बॅट धरायची मुभा नव्हती.

ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागला तर पूर्ण बदली मिळतो. म्हणजे आज गायकवाडांच्या जागी कुणी खेळला असता, विश्वनाथच्या नाही.

पूर्ण बदली दिला तर संघ खोटं लंगडतील, हा आक्षेप चुकीचा नाही. पण बेसबॉलमध्ये जखमींच्या यादीत गेलेला बॅटर किमान १० दिवस बाहेर बसतो. लबाडी महाग केली की झालं. बीसीसीआयने २०२५-२६ मध्ये देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीला बदली दिलाच. कसोटीलाही द्यावा, असं आपलं मत. तुम्हाला काय वाटतं?