पारा, डबी आणि पिवळा दिवा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की आपला जीव खालीवर होतो. त्यामागे कधीकधी असतो एवढासा प्रेशर सेन्सर, आणि त्याच्यामागे पावणेचारशेहून जास्त वर्षांचा इतिहास!

१६४३ साली इटलीत टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब मोजला. १८४४ साली फ्रान्सच्या ल्युसियाँ व्हिदीने पाऱ्याला रजा दिली. हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी दाबाप्रमाणे आकसते-फुगते, एवढेच त्याचे तत्त्व. हीच डबी १९६७ मध्ये बॉशच्या डी-जेट्रॉनिकमधून फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, जर्मनमध्ये दाब. इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबाने डबी हले, तारेच्या वेटोळ्यातला गाभा सरके आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते ठरे.

पुढे डबीही गेली. ताण आला की सिलिकॉनचा विद्युतरोध बदलतो, हे बेल लॅब्जच्या चार्ल्स स्मिथने १९५४ मध्येच दाखवले होते. आजचे सेन्सर त्यावर चालतात. १९९६ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचे झाले आणि गाडी आपले दुखणे कोडमध्ये सांगू लागली.

पण मंडळी, गोम इथेच आहे. माझ्या मावसभावाच्या जुन्या गाडीला पी०१०६ कोड आला. पेट्रोलचा वास, ॲव्हरेज घसरलेले. एका गॅरेजने सेन्सर बदलला, पैसे घेतले... दोन दिवसांत दिवा पुन्हा हजर!

मग आम्ही स्कॅनर लावून बसलो. चावी ऑन, इंजिन बंद : ९५ किलोपास्कल. पुण्याच्या उंचीला तेवढाच हवा. इंजिन सुरू केल्यावर आयडलला तो ३०-४० पर्यंत यायला हवा, पण ७० च्या खाली उतरेना. सेन्सरला हातपंपाने थेट निर्वात दिला तर आकडा झर्रकन खाली. जुना सेन्सर लावून पाहिला, तोही ठणठणीत! चिरली होती मधली रबरी नळी. त्यामुळे कॉम्प्युटरला वाटे इंजिनावर फार लोड आहे, आणि तो पेट्रोल वाढवत बसे.

डी-जेट्रॉनिकलाही अशीच नळी होती. तेव्हा कोड नव्हते, म्हणून मेकॅनिकला एकेक गोष्ट तर्काने तपासावीच लागे. आज कोड मिळाला की चौकशी संपते, आणि भुर्दंड पडतो तो निर्दोष सेन्सर बदलून घेणाऱ्याला. कोड ही नुसती फिर्याद असते हो!

असो. दिवा लागलाच, तर आधी नळी बघा.