क्वार्टर्स कुणासाठी?

आमच्या पाबळला पाहुणे आले की दोन जागा दाखवायच्या. एक मस्तानीची कबर आणि दुसरी विज्ञान आश्रम. आश्रमातले घुमट बघून पाहुणे हमखास विचारतात, "यात माणसं राहतात?"

हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये हा आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही तिथली रीत. घुमटही त्याच रीतीने उभे राहतात. लोखंडी अँगलचे त्रिकोण जोडायचे, वर जाळी लावायची, मग सिमेंटचा गिलावा. सामान कमी लागतं आणि आतली जागा मोठी मिळते. अडचण एकच, गोल भिंतीला कपाट चिकटत नाही.

घर बघून आतल्या माणसाचा हुद्दा ओळखण्याची सवय मला पुण्यात शिकायला गेल्यावर लागली.

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६४ मध्ये काम सुरू झालं. इंग्रजी अमदानीतल्या बंगल्याचा नकाशा ठरलेला असे. मधोमध साहेब, भोवती व्हरांडा आणि बाग, मागे नजरेआड नोकरांच्या खोल्या. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, याच आवारात विद्यापीठ आलं. जिथे गव्हर्नर राहायचा तिथे बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू म्हणून बसले. सत्ता बदलल्याची याहून ठळक खूण कोणती?

पण नव्या देशाने घरं बांधली ती पगाराचा तक्ता समोर ठेवून. सरकारी वसाहतींत टाइप एक, टाइप दोन, टाइप तीन. शिपायाला एक खोली, प्राध्यापकाला तीन. यात भेद होताच, पण एक मोठी गोष्टही होती. शिपायाचं घर आता साहेबाच्या मागच्या दारी नव्हतं. ते नियमाने, हक्काने मिळत होतं. आपल्याकडे नोकरांनाही घर देणं हे सरकारचं काम आहे, असं त्या काळाला वाटत होतं.

१९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आयुका स्थापन झाली. चार्ल्स कोरिया यांनी तिच्या वास्तूत अंगणं आणि आकाश आणलं. पुढे जागा महागली, तशा जागोजागी कर्मचाऱ्यांच्या बैठ्या चाळी जाऊन लिफ्टच्या इमारती आल्या.

आणि आता? माझा एक मित्र एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. नेट झालंय, पीएचडी झालीय. पैसे तासांचे मिळतात, सुट्टीत तेही नाहीत. घरभाडे भत्ता नाही, क्वार्टर तर नाहीच. कॉट बेसिसवर राहतो. त्याच्यासाठी कुठल्याच नकाशात चौकोन काढलेला नाही.

घरांच्या नकाशांचा इतिहास मी आता असा वाचतो: आधी नोकर मागच्या दारी होते, मग ते नियमात आले, आता ते नकाशाबाहेर आहेत.

मागच्या दिवाळीत मित्राला पाबळला आणलं. घुमटात उभा राहून तो वर बघत होता. "यातली मोठ्या साहेबांची खोली कुठली रे?"

मी म्हणालो, "कोपराच नाही, तर मोठं कोण आणि मागचं दार कुठलं?"

तो हसला. मग हळूच विचारलं, "एक बांधायला किती खर्च येतो?"