थर्मोस्टॅट, आई आणि मी

२००९ च्या जानेवारीत मी मिनियापोलिसला ऑनसाइट होतो. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. बाहेर उणे २५ सेल्सिअस, आणि घरात आई दोन स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे घालून बसलेली. भिंतीवरच्या गोल थर्मोस्टॅटवर ७० फॅरनहाइट (म्हणजे साधारण २१ सेल्सिअस) लावून मी ऑफिसला जायचो. संध्याकाळी येऊन बघावं तर काटा ८५ वर!

"अगं आई, ८५ केलं म्हणून घर लवकर तापत नाही. फर्नेस एक तर चालू असते नाहीतर बंद. मधलं काही नसतं."

"मला नको शिकवू. गॅस मोठा केला की दूध लवकर तापतं ना? तसंच ते."

मी इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टिम्स शिकलेला. लेक्चर दिलंच. आवाजही जरा चढला. दुसऱ्या दिवसापासून आईने काट्याला हात लावला नाही, आणि शनिवारी दिवसभर घरी राहिलो तेव्हा मला कळलं की आठवडाभर ती नुसती कुडकुडत बसत होती. टेबलावरचा थर्मामीटर ६४ दाखवत होता. फर्नेस तीन मिनिटं चालायची, बंद व्हायची, पुन्हा चालू. थर्मोस्टॅट मात्र खूश!

आता या थर्मोस्टॅट नावाच्या प्राण्याचा इतिहास थोडा सांगतो, कारण बग तिथेच आहे.

पहिला म्हणावा असा थर्मोस्टॅट अंडी उबवण्यासाठी होता. १६२० च्या सुमारास लंडनमध्ये कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसाने (पाणबुडी बनवणारा तोच!) एक भट्टी केली. तापलं की आतलं अल्कोहोल फुगायचं, ते पाऱ्याला ढकलायचं, पारा वर चढून हवेचं झाकण बंद करायचा. हवा नाही म्हणून विस्तव मंद. गार झालं की सगळं उलट. वीज नाही, माणूस नाही, आणि फीडबॅक लूप पूर्ण!

नंतर १८३० साली अँड्र्यू युअर या स्कॉटिश केमिस्टने दोन धातूंची पट्टी वापरून पेटंट घेतलं. 'थर्मोस्टॅट' हा शब्दही त्याचाच. गंमत साधी आहे. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा जास्त लांबतं, त्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटवलेली पट्टी वाकते. कापडगिरण्यांना तापमान स्थिर ठेवायचं होतं, तिथे हे कामाचं होतं.

मग अमेरिका. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात वॉरन जॉन्सन नावाचे मास्तर होते. त्यांच्या शाळेत शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात घुसायचा, थर्मामीटर बघायचा आणि तळघरात जाऊन झडपा फिरवायचा. मास्तर या व्यत्ययाला वैतागले. १८८३ मध्ये त्यांनी जे पेटंट घेतलं त्यात वर्ग गार किंवा गरम झाला की तळघरात घंटा वाजायची. झडप फिरवायला शिपाई लागायचाच. म्हणजे हे ऑटोमेशन नव्हतंच, मॉनिटरिंग अलर्ट होता, आणि प्रॉडक्शन सपोर्टचा पेजर शिपायाकडे! (रात्री दोन वाजता फोन येणाऱ्यांनी या शिपायाला एकदा मनोमन नमस्कार करावा.)

माणसाला मधून काढलं ते अल्बर्ट बट्झने, आणि तेही याच मिनियापोलिसमध्ये, १८८५ साली. खोली गार झाली की स्विच जुळायचा, छोटी मोटर कोळशाच्या भट्टीची झडप उघडायची, हवा आत, जाळ मोठा. खोली तापली की झडप बंद. त्याने काढलेल्या कंपनीची नावं बदलत गेली, आणि १९२७ मध्ये ती मार्क हनीवेलच्या कंपनीत विलीन झाली. १९५३ साली त्यांनी आणलेला, हेन्री ड्रेफस या डिझायनरचा गोल थर्मोस्टॅट, तोच आमच्या भिंतीवर होता. गोल असल्यामुळे तो वाकडा लागला तरी वाकडा दिसत नाही. पण आत काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब असतो, तो कलला की सर्किट जुळतं, त्यामुळे डबा मात्र सरळच बसवावा लागतो. नाहीतर आकडा खोटा.

तर शनिवारी मी एकेक गोष्ट तपासत गेलो. एअर फिल्टर घाण असेल तर फर्नेस जास्त तापून मध्येच बंद पडते. फिल्टर स्वच्छ होता. हवेच्या जाळ्या उघड्या. डबा सरळ. मग कव्हर काढलं, आणि आत एक बारीकसा काटा दिसला.

हा काटा म्हणजे या यंत्राची खरी हुशारी. अडचण अशी की खोली ७० ला पोचल्यावर फर्नेस बंद केली तरी तापलेलं लोखंड अजून गरम हवा फेकत राहतं आणि खोली ७३ वर जाते. म्हणून फर्नेस चालू असताना थर्मोस्टॅटच्या आतच एक चिमुकला हीटर पेटतो. पट्टीला वाटतं खोली तापली, आणि ती थोडी आधीच बंद करते. म्हणजे यंत्राला मुद्दाम फसवायचं! किती फसवायचं ते काट्याने ठरतं. गॅसच्या व्हॉल्व्हला जितका करंट लागतो तितक्या आकड्यावर काटा हवा. आमच्या व्हॉल्व्हवर ०.४ अँपिअर छापलं होतं. काटा होता ०.२ वर. म्हणजे त्या चिमुकल्या हीटरची उष्णता हवी त्याच्या चौपट. पट्टीला भलताच उकाडा, आणि आई थंडीत.

काटा कुणी सरकवला? ऑक्टोबरमध्ये "आत काय आहे बघू" म्हणून कव्हर उघडून धूळ पुसली होती ती मीच.

पण खरी चपराक पुढे आहे. बाहेर जितकी जास्त थंडी, तितका वेळ फर्नेस चालते, तितका तो हीटर पेटतो आणि तितकं थर्मोस्टॅटचं खोटं वाढतं. अशा घरात आकडा वर नेला की खोली खरंच जास्त तापते. म्हणजे मी जे अडाणीपणाचं म्हणत होतो, ते त्या बिघडलेल्या घरात एकदम बरोबर होतं!

नंतर विलेट केम्प्टन या मानववंशशास्त्रज्ञाचा १९८६ चा एक पेपर सापडला. मिशिगनमधल्या लोकांना त्याने विचारलं होतं की तुमच्या मते थर्मोस्टॅट कसा चालतो. काही जण 'फीडबॅक'वाले, माझ्यासारखे. बरेच जण 'व्हॉल्व्ह'वाले, जास्त फिरवलं की जास्त उष्णता येते असं मानणारे. त्याने व्हॉल्व्हवाल्यांना मूर्ख ठरवलं नाही. शास्त्र चुकलं तरी रोजच्या वापरात त्यांचा अंदाज बऱ्याचदा ठीक निघतो, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे हेच एसीच्या रिमोटवर दिसतं. घरात शिरलं की आधी १६! साधा एसी १६ वर लावला काय आणि २४ वर लावला काय, सुरुवातीला सारखाच गार करतो. फक्त १६ वर थांबत नाही. इन्व्हर्टर एसी खोली किती गरम आहे ते बघून वेग बदलतो, पण खोली ३४ वर असेल तर तोही दोन्हीकडे जोरातच पळतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगवाले एसी कारखान्यातूनच २४ वर सेट होऊन येतात, ते यासाठीच.

असो. त्या शनिवारी काटा ०.४ वर आणला, तासाभराने टेबलावरचा थर्मामीटर ६९ वर. आईला सगळं समजावलं, चूक माझी होती हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग मी करत होते तेच बरोबर होतं की." मी चहा टाकला.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या खोलीतला एसी १६ वर बघून मी तोंड उघडणार, एवढ्यात ती म्हणाली, "आधी कव्हर उघडून बघ, काही सरकवलंयस का."