हातापायांची राखण

१९७३ सालच्या डिसेंबर महिन्याची २३ तारीख. भामरागडजवळच्या हेमलकसा या ठिकाणी, दाट जंगलात, बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्यांचा संगम तेथून जवळच आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. डॉक्टर प्रकाश आणि डॉक्टर मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले, झाडाखाली दवाखाना सुरू झाला, ही हकीकत आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

मला आज सांगायचे आहे ते जरा निराळे आहे. त्या जंगलात पहिल्या झोपड्या उभ्या करायला आनंदवनातून जी माणसे आली, त्यांत कुष्ठरोगातून बरी झालेली माणसे होती. बरी झालेली म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. रोग गेला होता. बधिरपणा गेला नव्हता. काट्याकुपाट्याचे रान, बांबूच्या धारदार कामट्या, थंडीत रात्रभर पेटलेली शेकोटी, आणि पायात काटा मोडला तरी ज्याला कळत नाही असा माणूस! त्याने तेथे राबायचे कसे आणि हातपाय शाबूत ठेवायचे कसे?

या प्रश्नाच्या उत्तराला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही.

आपल्याकडे एक शब्द रूढ आहे, 'बोटे झडली'. पिकले पान झडते तशी बोटे आपोआप झडतात, असा त्यातला समज. मीही लहानपणापासून हाच शब्द ऐकत आलो. नॉर्वे देशातल्या हॅन्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू दाखवून दिला, तरी पुढे सत्तर-पाऊणशे वर्षे डॉक्टर मंडळींचाही समज साधारण असाच होता, की जंतूच बोटे खातो. १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे शस्त्रवैद्य तामिळनाडूतल्या वेल्लोरला आले. त्यांनी रुग्णांचे हात बारकाईने पाहिले आणि ध्यानात आले ते भलतेच. जंतू मज्जातंतूंना, म्हणजे खेड्यातल्या भाषेत शिरांना, मारतो. शीर मेली की दुखणे कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस भाजलेला हात वापरत राहतो, जखमेवर चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि हाड झिजत झिजत बोट आखूड होते. बोट रोगाने खाल्लेले नसते, रोजच्या कामाने खाल्लेले असते.

तरीही एक कोडे उरले. काही जणांची बोटे रात्रीतून कमी होत; झोपताना धड, सकाळी तुटलेले. शेवटी एका रात्री पहारा ठेवला, तेव्हा उंदीर येऊन बोट कुरतडताना दिसला. झोपलेल्याला पत्ताच नाही! तेव्हापासून तेथून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या बरोबर एक मांजर देण्याचा प्रघात पडला. हसू येते खरे, परंतु त्या मांजराने किती बोटे वाचवली असतील याचा विचार करा.

आपल्या विदर्भात सेवेची परंपरा याच्याही आधीची. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम सुरू केले. अमरावतीस डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभे केले. सेवाग्रामात परचुरेशास्त्री या संस्कृत पंडितांच्या अंगाला महात्माजी स्वतःच्या हातांनी तेल चोळत. कारण असे की शीर मेली म्हणजे त्या भागाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगाळते, आणि जखमेची सुरुवात बहुधा भेगेतूनच होते. १९४९ साली बाबा आमटे कलकत्त्यास या रोगाचा अभ्यासक्रम पुरा करून आले, आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचे काम उभे राहिले. तेथे रुग्णाला नुसता बसवून खायला घालायचे नव्हते. विहीर खणायची होती, शेत पिकवायचे होते. काम करायचे म्हणजे जखमा होणार, आणि जखमा टाळायच्या म्हणजे काम करण्याची रीतच बदलायला हवी.

ती रीत कोणती? येथे मी जरा सविस्तर सांगतो, कारण आजही आपल्या गावात असा एखादा माणूस असेल. रोग केव्हाच बरा झाला तरी त्याचे व्यंग हळूहळू वाढत असते, आणि ते पुष्कळ अंशी थांबवता येते.

कातडीने जे सांगायचे ते आता डोळ्यांनी पाहायचे, हे यातले मर्म. संध्याकाळी काम उरकले की हातपाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटे बुडवून ठेवावेत. पाणी कढत नको. आणि ते कोमट आहे की कढत, हे स्वतःच्या बधिर हाताने ठरवू नये, घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे. मग टाचेची जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलके घासावी आणि अंग ओले असतानाच तेल लावावे. तीळ, जवस, करडई, घरात असेल ते चालते. तेल मुरते तोवर उजेडात बसून एकेक बोट पाहावे: कोठे लाली आहे का, कोठे गरम लागते का, फोड आहे का, काटा रुतला आहे का. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवाला बोलवावे. फोड दिसला तर फोडू नये. स्वच्छ फडके बांधून पायाला विसावा द्यावा. हा विसावाच लोकांना जड जातो, कारण दुखत नाही ना! दुखत असते तर कोणी सांगावे लागले नसते.

चूल ही सर्वांत मोठी वैरीण. भांडे उतरवायला सांडशी किंवा जाड फडके हवेच, पळीला लाकडी मूठ हवी. चहा धातूच्या पेल्यातून पिऊ नये. जाड कानाचा कप बरा. विडी ओढणाऱ्याची दोन बोटे विडीच्या थोटकाने हमखास भाजतात. ओढूच नये हे उत्तम, पण ते सांगणारे पुष्कळ आहेत. शेकोटीपासून लांब झोपावे. विळा, कुदळ, कुऱ्हाड यांच्या दांड्याला चिंध्या किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी. बधिर हात अवजार गरजेपेक्षा जास्त घट्ट आवळतो, कारण पकड किती आहे ते त्याला कळत नाही. म्हणून मधूनमधून काम थांबवून तळहात पाहावा. वाकलेली बोटे रोज तेल लावून मांडीवर ठेवावीत आणि दुसऱ्या हाताने सावकाश सरळ करावीत, म्हणजे सांधे आखडत नाहीत. ज्याची पापणी मिटत नाही त्याने दिवसा आठवणीने डोळे मिटण्याचा प्रयत्न करीत राहावे आणि रात्री डोळ्यांवर स्वच्छ कापड घेऊन निजावे.

आणि चप्पल. तळ मोटारीच्या टायरचा, वर मऊ रबराचा थर, टाचेमागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. खिळा वर आलेला बधिर पायाला कळणार नाही, म्हणून सारे काम शिवणीने नाहीतर चिकटवून करायचे. चालताना पावले लहान टाकावीत, आणि चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात न घालता डोळ्यांनी पाहावी.

आता खुद्द बाबांची गोष्ट. त्यांना कुष्ठरोग झाला नाही, पण पाठीच्या मणक्यांचा विकार जडला आणि तो वाढतच गेला. त्यांना बसता येईनासे झाले; उभे राहणे किंवा आडवे पडणे, एवढेच दोन मार्ग उरले. बसता येत नाही म्हणजे काय काय करता येत नाही, याची यादी आपण मनाशी करून पाहा. जेवण, प्रवास, सभा, लिहिणे, सर्व बसून चालते! बाबांनी बसण्याचा हट्ट सोडला आणि दिवसाची मांडणीच बदलली. लोकांना भेटायचे ते खाटेवर पडून, बोलायचे ते उभ्याने, प्रवास वाहनात बिछाना घालून. १९८५ सालच्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा निघाली, तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि एकाहत्तर वर्षांचे बाबा गाडीत आडवे. पुढे १९९० साली नर्मदाकाठी कसरावद येथे ते राहावयास गेले तेही याच शरीराने. २००८ साली ९ फेब्रुवारीस आनंदवनात त्यांचे निधन झाले. शरीर जे करू देत नाही त्याच्याशी झुंजत बसायचे नाही, जे करू देते तेवढ्यात काम बसवायचे, हा हिशोब संधिवाताने जखडलेल्या आपल्या घरच्या आजीलाही लागू पडतो. तिची चूल ओट्यावर घेतली, पाण्याचा माठ कमरेच्या उंचीवर ठेवला, तर तिचे निम्मे काम तिच्याच हातात राहते.

शिक्षक बंधुभगिनींना थोडे निराळे सांगायचे आहे. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला, आणि आज रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत जंतू मरतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. वर्गातल्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर त्याला घरी पाठवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. औषध सुरू झाले की त्याच्यापासून इतर मुलांना भय नाही. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही एकाएकी शीर दुखू लागली, हात नव्याने बधिर वा लुळा वाटू लागला, तर दिवस घालवू नयेत. सहा महिन्यांच्या आत योग्य औषध मिळाले तर शीर वाचण्याची आशा असते. त्यानंतर ती फार थोडी.

बरे झालेल्या, पण पाय बधिर राहिलेल्या माणसाला मऊ रबराची चप्पल सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून विनामूल्य मिळते. मागायला लाज वाटते म्हणून पुष्कळ जण जातच नाहीत. शाळेच्या वाटेवर असा कोणी अनवाणी दिसला, तर गुरुजी, त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत एकदा आपणच चालत जा. आणि वाटेत पावले लहान टाका, म्हणजे तोही लहान टाकील.