संघातली जागा गेली, मग पुढं काय? पाच क्रिकेटपटूंच्या पुनरागमनाची गोष्ट

बोरगाव (ता. सौंसर) : पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या क्रिकेटची एक गंमत आहे. राज्य मध्यप्रदेश, त्यामुळं क्रिकेटची वाट इंदूरकडं जाते. मोठा सामना पाहायचा तर मात्र नागपूरजवळचं जामठा मैदानच जवळ पडतं. निवड झाली की गावात पेढे वाटले जातात, यादीतून नाव कटलं की मुलगा दोन दिवस घराबाहेर निघत नाही. पण यादीतून नाव मोठमोठ्यांचंही कटलेलं आहे, तेही ऐन भरात असताना. महाराष्ट्राच्या मातीशी नातं असलेल्या अशा पाच खेळाडूंची ही माहिती.

झहीर खान : रन-अप कमी केला, बळी वाढले

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर 2000 साली भारताकडून खेळू लागला. डिसेंबर 2003 मध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्यानं एका डावात पाच बळी घेतले आणि त्याच दौऱ्यात मांडीचा स्नायू दुखावला. तिथून दुखापतींचं चक्र लागलं. तोवर इरफान पठाण, मुनाफ पटेल, श्रीशांत, आर. पी. सिंग अशी नवी फळी आली आणि 2006 मध्ये झहीर संघाबाहेर गेला.

तो इंग्लंडला वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. चार दिवसांचे सामने, आठवड्यामागून आठवडे गोलंदाजी. रन-अप छोटा केला, जुना चेंडू दोन्ही बाजूंना वळवायची कला घोटली. त्या एका मोसमात काउंटी चॅम्पियनशिपमध्ये 78 बळी. वर्षअखेरीस दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी बोलावणं आलं. पुढच्या वर्षी ट्रेंट ब्रिज कसोटीत नऊ बळी घेऊन तो सामनावीर ठरला, भारतानं इंग्लंडमधली ती मालिका 1-0 नं जिंकली. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेऊन तो आफ्रिदीसोबत संयुक्त अव्वल होता. निवृत्त झाला तेव्हा कसोटी बळी होते 311.

रोहित शर्मा : जागा बदलली, नशीब बदललं

रोहितचा जन्म नागपूरचा, 1987 चा. फेब्रुवारी 2010 मध्ये जामठ्यालाच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याचं कसोटी पदार्पण ठरलं होतं. नाणेफेकीच्या आधी सराव करताना पाय मुरगळला आणि संधी हुकली. पुढची मिळायला नोव्हेंबर 2013 उजाडला. मधे 2011 च्या विश्वचषक संघात त्याला घेतलं नाही. 2012 च्या श्रीलंका दौऱ्यात तर एकदिवसीय सामन्यांच्या पाच डावांत एकदाही धावा दोन आकड्यांत गेल्या नाहीत.

जानेवारी 2013 मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध त्याला सलामीला पाठवलं. 83 धावा झाल्या आणि मधल्या फळीत अडखळणारा रोहित सलामीवीर म्हणून स्थिरावला. पुढच्याच वर्षी कोलकात्यात श्रीलंकेविरुद्ध 264. कसोटीतही तेच घडलं. आत-बाहेर चालू असताना 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सलामी दिली आणि तीन कसोटींत 529 धावा केल्या.

अजिंक्य रहाणे : परतला, पण थोड्या काळासाठी

संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य. ॲडलेडला भारत 36 धावांत गारद झाल्यावर मेलबर्नला त्यानं 112 धावा काढल्या आणि त्याच्या नेतृत्वाखाली 2020-21 ची ती मालिका 2-1 नं जिंकली. पण पुढच्या वर्षभरात धावा आटल्या आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्याला वगळलं.

रणजीत तो मुंबईकडून खेळत राहिला. श्रेयस अय्यरच्या पाठीचं दुखणं उद्भवलं आणि जून 2023 मध्ये ओव्हलवरच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जागा मिळाली. भारत हरला, पण अजिंक्यनं 89 आणि 46 धावा केल्या. महिनाभरात वेस्ट इंडिजमध्ये दोन डावांत अपयश आलं आणि दार पुन्हा बंद झालं. तरी मार्च 2024 मध्ये मुंबईला रणजी करंडक त्याच्याच नेतृत्वाखाली मिळाला. अंतिम फेरीत हरलेला संघ होता आपल्या शेजारचा विदर्भ.

वसीम जाफर : भारताकडून नाही, तर विदर्भाकडून

मुंबईचा जाफर 2000 मध्ये कसोटी खेळला, वगळला गेला, परतला, पुन्हा वगळला गेला. 2006 मध्ये नागपूरला इंग्लंडविरुद्ध शतक आणि अँटिग्वात 212 करून त्यानं जागा पक्की केली. दोन वर्षांत ती गेली ती कायमची. त्याच्या 31 कसोटी झाल्या होत्या.

2015 मध्ये तो विदर्भाकडं आला. विदर्भानं तोवर रणजी कधी जिंकली नव्हती. 2017-18 चा अंतिम सामना इंदूरला झाला, दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता ठरला. पुढच्या मोसमात करंडक नागपुरातच राखला. तेव्हा चाळिशीतल्या जाफरच्या मोसमात 1037 धावा होत्या.

संदीप पाटील : एक फटका आणि दार बंद

सगळेच परतत नाहीत. 1981 मध्ये सिडनीला डोक्याला चेंडू लागल्यावर पुढच्याच ॲडलेड कसोटीत संदीप पाटील यांनी 174 धावा काढल्या होत्या. 1983 च्या विश्वविजेत्या संघातही ते होते. डिसेंबर 1984 मध्ये दिल्ली कसोटीत मोठा फटका मारताना बाद झाले, भारत हरला आणि पुढच्या कोलकाता कसोटीतून त्यांना व कपिलदेवला वगळलं. कपिल लगेच परतले. पाटील यांच्या जागी मोहम्मद अझरुद्दीन आला आणि पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं ठोकली. पाटील पुन्हा कसोटी खेळले नाहीत. पुढं ते मध्यप्रदेशकडून रणजी खेळले आणि संघाचे कर्णधारही झाले.

काय लक्षात घ्यावं

पाचही जणांत एक गोष्ट सारखी आहे. जागा गेल्यावर कुणी बॅट-बॉल खाली ठेवला नाही. झहीरनं धावायची पद्धत बदलली, रोहितनं क्रम, जाफरनं संघ. रहाणे आणि पाटील यांना जागा परत पूर्ण मिळाली नाही, पण खालच्या पायरीवरचं क्रिकेट त्यांनी कमी लेखलं नाही. पाटील यांच्या वाटेला अझरुद्दीन आला, रहाणेला अय्यरच्या दुखण्यामुळं वाट मिळाली, म्हणजे नशीबही लागतंच. मात्र नशीब उघडलं त्या दिवशी मैदानात हजर असणं, तेवढं खेळाडूच्या हातात असतं.